मागल्या दारी भरलेला चुडा

माझी धाकटी बहीण गावात बांगड्या भरते. आम्ही मणेर, आमचा तोच धंदा. आजीनं भरल्या, आईनं भरल्या, लग्न होईपर्यंत मीही टोपली डोक्यावर घेऊन आईच्या मागून गावोगाव फिरले. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती त्याच पायी. पुढे नवऱ्यानं मला मुंबईला नेलं, तो गेल्यावर मुलानं कुवेतला आणलं. टोपली बहिणीकडे राहिली.

आमच्या बाजूला हिंदूंच्या घरी लग्न निघालं की नवरीला हिरवा चुडा भरायला आमच्या घरची बाई जाते. तिला पुढच्या ओटीवर पाट मांडतात. ती नवरीचा हात धरते, अंगठ्याच्या मुळाशी दाबून मऊ करते आणि एकेक बांगडी चढवते. दोन्ही हात भरले की वर एक जास्तीची घालते. मग नवरी पाटावरून उठते आणि तिला वाकून नमस्कार करते. माझी आई म्हणायची की नमस्कार चुड्याला असतो, आपल्याला नाही. असेल. पण मुलगी वाकायची ती आईपुढे, घरच्या सगळ्यांदेखत.

वरच्या आळीत एक मोठं घर आहे. तिथली मालकीण नवरी होऊन आली तेव्हाचा तिचा चुडा माझ्या आईनं भरलेला. तिच्या मुलीला पहिली काळी काकणं माझ्या बहिणीनं घातली. त्या मुलीचं लग्न निवडणुकीनंतर ठरलं होतं. तिचा चुडा बहीण भरणार की नाही, मला एवढंच पडलं होतं. बाकीचे लोक निवडणुकीत कोण येणार ते बोलत होते.

झालं ते इथून सुरू झालं, कुवेतमधून. आम्ही अब्बासियात राहतो. माझ्या नातवाचं लग्न ठरलं. मुलगी नर्स, आपल्याच बाजूची, तिचेही आईबाप इथेच. फिंतासला समुद्राकडे एक हॉल घेतला. आमच्यात एक रीत आहे. नवऱ्याकडची सगळ्यात म्हातारी बाई मुसळ घेऊन नवरीच्या दारावर आपटते आणि पोर मागते. आतल्या बायका दार लावून धरतात आणि उलट टोमणे मारतात. मग दार उघडतं, सगळ्या हसतात, सरबत देतात. सगळ्यात म्हातारी मीच होते.

मुसळ कुठून आणणार? अब्बासियात कढीपत्ता मिळतो, सुके सोडे मिळतात, अळूसुद्धा मिळतं. मुसळ मिळत नाही. सून म्हणाली, लाटणं घ्या. लाटण्यानं दार कसलं वाजतंय. त्या हॉलमध्ये फोटो काढायला म्हणून एका कोपऱ्यात अरबी बैठक मांडलेली होती. गालिचा, पितळेची कॉफीची किटली आणि भिंतीवर एक तलवार. इथले लोक लग्नात तलवारी धरून ओळीनं उभे राहून नाचतात, तसली. पत्र्याची होती. तिनं काकडी कापली गेली नसती. कोणीतरी ती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अम्मा, हे घ्या अरबांचं मुसळ."

मी घेतली. अंगात काळा अबाया होता. मी इथे बाहेर जाताना तोच घालते, कारण त्याला इस्त्री लागत नाही. दारावर तलवार आपटली आणि रीतीप्रमाणे ओरडले, "पोर द्या, नाहीतर उचलून नेणार. तुमच्या सगळ्या पोरी नेणार, एक मागे ठेवणार नाही."

आतून नवरीची मावशी म्हणाली, "न्या, न्या. भाकरी करपवते ती, आठ दिवसांत परत आणून घालाल."

मी म्हणाले, "करपलेली खाऊ. दात कुठे आहेत कडक खायला?"

एवढंच झालं. कोणीतरी फोनवर ते टिपलं आणि कोणीतरी कुठेतरी टाकलं. कोणी टाकलं ते आम्ही विचारलं नाही. लग्नघरात एक भांडण पुरे असतं.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये साताऱ्याकडची एक नर्स राहते. हिंदू, तोंडानं फटकळ. माझं ब्लडप्रेशर तीच बघते. एका सकाळी ड्यूटीवरून आली, दंडाला पट्टा बांधला, हवा भरली आणि म्हणाली, "मावशी, निवडणुकीला उभ्या राहिलात आणि मला साधा पेढा नाही?" मला वाटलं नेहमीसारखी चेष्टा करते आहे. तिनं मशीन बाजूला ठेवलं आणि फोन पुढे केला.

आमच्याच मतदारसंघातला एक उमेदवार. सभेत मागे मोठा पडदा लावलेला, पडद्यावर मी. काळा अबाया, हातात तलवार, तोंड उघडलेलं. तुमच्या सगळ्या पोरी नेणार, एक मागे ठेवणार नाही. तिथेच तोडलेलं. मावशीची भाकरी नाही, माझे दात नाहीत, हसणं नाही. तो माणूस लोकांना सांगत होता की ही आपल्याच तालुक्यातली म्हातारी आहे, अरबांच्या देशात जाऊन काय शिकली ते बघा, ही अरबांची पिलावळ आहे, आपल्या लेकी सांभाळा. लोक ओरडत होते. पुढच्या ओळीत बायका बसल्या होत्या. त्यांच्या हातात बांगड्या होत्या. कोणाच्या हातच्या असतील ते मला माहीत आहे.

मी नर्सला विचारलं, हे तुझ्याकडे कसं आलं. तिनं माझ्या दंडाचा पट्टा सोडला. मग म्हणाली, तिच्या भावानं घरच्या ग्रुपवर टाकलं. तिनं तिथे लिहिलं की ही माझी शेजारीण आहे आणि हे लग्न आहे. भावानं उत्तर दिलं की तू तिकडे राहून त्यांच्यातली झालीस.

मला अरब म्हटलं ह्याचं मला काही वाटलं नाही. अरबही माणसंच आहेत, बरी आणि वाईट. पण इथे लिफ्टमध्ये कुवेती बाई भेटली की मला विचारते, हिंदी? म्हणजे इंडियाची का. मी म्हणते, हिंदी. ती थोडी बाजूला सरकते. आणि तिकडे माझ्या गावाला मी अरब. म्हणजे सरकायला दोन्हीकडे माणसं आहेत, जवळ बसायला कुठे कोणी आहे ते मला त्या दिवशी आठवेना.

बहिणीला फोन केला. तिनं आधीच बघितलं होतं. कोणी काही बोलत नाही, म्हणाली. दुकानात, नळावर सगळे नेहमीसारखे. फक्त बोलावत नाहीत. एका घरी डोहाळजेवण होतं, तिथे तालुक्याहून बांगड्या आणल्या. दुसरीकडे म्हणाले, आता मुली प्लास्टिकच्या घालतात. मी विचारलं, आणि वरच्या आळीतलं लग्न? ती म्हणाली, "ते बोलावतील, आपा. ते कसे नाही बोलावणार? मी हिरव्या काकणांच्या माळा करूनही ठेवल्या."

माझ्या मुलीची मुलगी रत्नागिरीला वकील आहे. ती आणि तिच्यासारखे आणखी दोघं-तिघं, त्यात एक ब्राह्मणाचा मुलगाही आहे, निवडणुकीच्या सभांना जातात आणि मागे उभे राहतात. कोण कुठल्या धर्माबद्दल काय बोललं ते शब्द न शब्द उतरवतात आणि निवडणुकीच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार करतात. एखादा पुढारी मुसलमानांना साप म्हणतो, एखादा म्हणतो त्यांच्याकडून भाजी घेऊ नका, एखादा नुसता अरबी टोपी घालून स्टेजवर नक्कल करतो. हे सगळं तिच्याकडे लिहिलेलं आहे. बहुतेक तक्रारींना उत्तर येत नाही. तिच्या आईला काळजी की हिच्याशी लग्न कोण करणार. मलाही तशीच काळजी होती, खोटं कशाला बोलू.

तिचा फोन आला. "नानी, धर्माच्या नावानं लोकांना चिथवून मतं मागायची नाहीत, असा कायदा आहे. माझ्याकडे अख्खा व्हिडिओ आला आहे. आता तू स्वतः बोल. ही मी आहे, हे लग्न आहे, ही तलवार खोटी आहे. आजपर्यंत ज्यांच्याविरुद्ध हे लोक बोलतात त्यांच्यातलं कोणी पुढे येऊन बोललेलंच नाही. सगळे घाबरतात."

मी म्हणाले, घाबरतील नाहीतर काय करतील. आणि बोलेन म्हणाले.

मुलानं ऐकलं आणि जेवणावरून उठला. तो दस्मानकडच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. शांत माणूस आहे, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. इथे आपण पाहुणे आहोत, म्हणाला. इथे बसून राजकारणावर तोंड उघडलं, कोणी तक्रार केली, तर बताका काढून घेतील आणि विमानात बसवतील. बताका म्हणजे इथलं ओळखपत्र, ते गेलं की माणूस गेला. मग नातवाचं काय, नव्या सुनेचं काय. मी म्हणाले, माझं तोंड तर अख्ख्या तालुक्यानं बघितलं. तो म्हणाला, "त्यांनी दाखवलं, अम्मा. तू दाखवू नकोस. ह्यात फरक आहे."

फरक आहे, हे मलाही कळत होतं.

बहिणीला सांगितलं तर ती त्याच्यापेक्षा जास्त चिडली. तू तिकडून बोलणार, म्हणाली, आणि रस्त्यानं चालायचं मी. लोक विसरायला लागलेत, वरच्या आळीतल्या बाईनं परवा बाजारात माझ्याकडे बघून मान हलवली. "तू गप्प बस आपा, तेवढं माझ्यासाठी कर."

तीन माणसं, तिघंही माझी, आणि तिघांचंही खरं. मी दोन दिवस तांदूळ निवडत बसले. मुलगा समजला, अम्मानं ऐकलं. मी विचार करत होते की मी गप्प बसले तर त्या पडद्यावरची बाई हीच खरी राहणार. मी मेल्यावरही गावात तीच राहील. बहीण त्या बाईची बहीण म्हणून टोपली घेऊन फिरणार. विसरतील म्हणते, पण असलं कोणी विसरत नाही. पुढच्या निवडणुकीला परत काढतात.

नातीनं सांगितलं होतं की तलवारीचा फोटोही पाहिजे. म्हणून नर्सच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी फिंतासला गेलो. मुलाला सांगितलं, समुद्रावर जातो. हॉलचा मालक म्हातारा कुवेती, मुंबईला पूर्वी येऊन-जाऊन असलेला, मोडकं हिंदी बोलणारा. नर्सनं त्याला फोनवर ते दाखवलं. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं परत लावायला सांगितलं. मग म्हणाला, माझी मुलगी परदेशात शिकायला आहे, तिकडेही निवडणूक आली की आमच्या लोकांचे असेच फोटो लावतात, डोक्याला रुमाल, हातात काहीतरी. मुलगी म्हणते तेवढे दिवस मी बसनं जात नाही. तलवार त्यानं भिंतीवरून काढून दिली, हातानं वाकवून दाखवली, फोटो काढू दिले. पण माझं नाव आणि हॉलचं नाव कुठेही घालू नका, म्हणाला. आम्ही निघालो तेव्हा तो ती परत भिंतीला लावत नव्हता. कपाटात ठेवत होता.

नर्सच्या खोलीत मी बोलले. नातीनं लिहून पाठवलेलं होतं, फार चांगलं, पण ते माझ्या तोंडात बसेना. मी ते ठेवून दिलं आणि सरळ बोलले. ही मी. हे माझ्या नातवाचं लग्न. आमच्यात दार वाजवून पोर मागायची रीत आहे, मुसळ मिळालं नाही म्हणून ही पत्र्याची तलवार घेतली. पुढे काय झालं ते ह्या माणसानं कापलं. मला तुमच्या पोरी कशाला हव्यात? माझी बहीण जन्मभर तुमच्या पोरींना चुडे भरत आली, तिला विचारा आम्ही तुमच्या पोरींचं काय करतो.

नर्स म्हणाली, शेवटचं फार छान झालं मावशी. नातही तेच म्हणाली.

तक्रार गेली. तिच्या लोकांनी माझं बोलणं अख्ख्या व्हिडिओबरोबर लोकांपुढेही ठेवलं. मतदानाच्या तोंडावर उत्तर आलं की उमेदवारानं तो तुकडा आपल्या पानावरून काढावा. त्यानं काढला. नात फोनवर रडत होती. "नानी, पहिल्यांदा. पहिल्यांदा कोणीतरी आमचं ऐकलं." मी म्हणाले, बरं झालं. तोवर तो तुकडा प्रत्येकाच्या फोनमध्ये होता, तिथून काढायला कोण सांगणार. तो उमेदवार निवडून आला.

मुलाला कळलंच. त्याच्या दवाखान्यातल्या कोणीतरी दाखवलं. त्याला कोणी काही केलं नाही, बताका आहे तिथे आहे. पण दारावरची बेल वाजली की तो अजून आधी माझ्याकडे बघतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

आणि वरच्या आळीत हे झालं. त्या मुलीचं सासर दुसऱ्या तालुक्यातलं. त्यांनी व्हिडिओ बघितला होता, पण ती म्हातारी कोण, कुठल्या घरातली, त्यांना माहीत नव्हतं. आमच्या गावाला माहीत होतं आणि गाव बोललं नव्हतं. गाव वाईट नाही, गाव गप्प असतं. पण माझी बहीण चुडे भरते हे मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. सासरच्यांनी ते ऐकलं आणि चौकशी केली. मग निरोप धाडला की त्या बाईच्या बहिणीच्या हातचा चुडा आमच्या सुनेच्या हातात नको.

मालकिणीला तो निरोप मोडता येईना. आणि दुसरीकडे भीती, की ह्या घरातल्या लेकीचा चुडा कायम आमच्या हातानं भरला, आता बदलला आणि उद्या काही कमीजास्त झालं तर. म्हणून तिनं दोन्ही केलं. तालुक्याहून एक कासारीण बोलावली, ओटीवर पाट मांडून. आणि त्याच्या आधी माझ्या बहिणीला निरोप दिला की दुपारी पुरुष जेवायला बसले की मागल्या दारानं ये, टोपली झाकून आण.

बहीण गेली.

मी तिला फोनवर विचारलं, तू गेलीस कशाला. ती म्हणाली, "मग काय करू, आपा? त्या पोरीचा हात दुसऱ्या कोणाला द्यायचा? लहानपणापासून मी धरलाय तो."

मागल्या पडवीत, लाकडांच्या शेजारी बसवलं. पाट नव्हता, पोतं होतं. पोरीचा हात गार होता, म्हणाली. एकही बांगडी वाढली नाही, एवढी सांभाळून चढवली. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. वरची एक घातली. पोरगी उठली आणि सवयीनं नमस्काराला वाकली. आईनं तिचा दंड धरला. "राहू दे. तो तिकडे ओटीवर करायचाय."

पोरगी अर्धी वाकलेली तशीच थांबली, म्हणाली. मग सरळ झाली आणि आत गेली.

बहीण टोपली आवरत होती तेव्हा पुढून आवाज येत होता. त्या कासारणीनं भरलेल्या हातांवर दोन-दोन बांगड्या चढवल्या, सगळ्यांनी पाहिलं, तिला नमस्कार झाला. बहीण परसातून निघाली.

हे तिनं मला रडून सांगितलं नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. वर म्हणाली, त्या बाईची काय चूक, तिनं बोलावलं तरी.

मी नातीला फोन केला आणि सगळं सांगितलं. विचारलं, ह्याला कुठलं कलम लागतं? ती म्हणाली, "नानी, ह्यात कोणी काही बोललेलंच नाही. मी लिहू काय?"

"वाकताना धरलं ते लिही."

"कोणाविरुद्ध लिहू? त्या आईविरुद्ध?"

मग ती म्हणाली, पुढच्या महिन्यात जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या सभा सुरू होतील, त्यांना जाणार आहे. मी म्हणाले, जा. जाऊ नको म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि जाऊन काय होणार ते आम्ही दोघींनी बघितलं होतं.

नर्सनं परवा ब्लडप्रेशर घेतलं आणि आकडा सांगितला नाही, गोळी वाढवली. तिचा भाऊ तिच्याशी बोलत नाही. चेष्टाही कमी करते आता.

बहिणीचं काम पुन्हा सुरू झालं आहे. वरच्या आळीत कसं केलं ते बाकीच्या घरांना कळलं आणि सगळ्यांना सोयीचं वाटलं. कोणाचं मन मोडत नाही, कोणाला जाब द्यावा लागत नाही. दोन घरांतून निरोप आले, मग आणखी एका. सगळे एकच सांगतात, मागून ये. काल फोनवर ती मला म्हणाली की टोपली झाकायला एक गडद रंगाची चादर पाठव, इथल्या पांढऱ्या लांबून दिसतात.

मी बकाल्यातून, म्हणजे खालच्या किराणा दुकानातून, गडद करड्या रंगाची आणली आहे. गावी जाणारं कोणी मिळालं की देईन.